ब्रँडेड नियंत्रण घटकांना स्वस्त पर्याय निवडताना समतुल्यता नेमकी कशी तपासावी?

देखभालकर्मी (धागाकर्ता)

नमस्कार. कारखान्यातील यंत्रांच्या विद्युत देखभालीची जबाबदारी माझ्याकडे आहे. कन्व्हेयर, पंप आणि पॅकिंगची यंत्रे वेगवेगळ्या यंत्रनिर्मात्यांकडून आलेली असल्यामुळे प्रत्येक पॅनेलमध्ये कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा विद्युतचुंबकीय स्विच), ओव्हरलोड रिले (मोटर जास्त करंट घेऊ लागली की ती बंद करवणारा), प्रॉक्सिमिटी सेन्सर (स्पर्श न करता धातू ओळखणारा), २४ व्होल्टचा पॉवर सप्लाय, पुश बटणे असे सगळे सुटे भाग नामांकित ब्रँडांचे आहेत. हे भाग महाग आहेतच, शिवाय मागणी नोंदवल्यावर ते हाती पडायलाही बराच वेळ लागतो. कमी किमतीच्या समतुल्य भागांची यादी तयार करण्याचे काम आता माझ्याकडे आले आहे.

विक्रेत्यांकडे तयार तुलनातक्ते असतात आणि अमुक ब्रँडच्या भागाऐवजी आमचा तमुक भाग वापरा असे ते खात्रीने सांगतात. मात्र दोन्ही भागांवर ९ अँपिअर आणि २४ व्होल्ट छापलेले आहे एवढ्या आधारावर ते एकमेकांच्या जागी बसतील असे मानायला मन धजत नाही. प्रत्येक प्रकारच्या घटकात नेमक्या कोणत्या गोष्टी जुळवून पाहाव्यात, कुठे निर्धास्तपणे बचत करावी आणि कुठे मूळ भागच ठेवावा, याबद्दल अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे ही विनंती.

पॅनेलबांधणी

प्रश्न योग्य वेळी विचारलात. माझ्या मते सुरुवात कॅटलॉगपासून न करता पॅनेलमधल्या त्या जागेपासून करावी. तो कॉन्टॅक्टर कोणती मोटर चालवतो, तासाला किती वेळा चालू-बंद होतो, त्याच्या कॉइलला (कॉन्टॅक्ट ओढणाऱ्या चुंबकाच्या वेटोळ्याला) वीज कोण देते, त्याचे सहायक (नियंत्रण सर्किटसाठीचे छोटे) कॉन्टॅक्ट कुठे जोडलेले आहेत आणि त्याच्या आधी संरक्षणासाठी काय बसवले आहे, एवढी माहिती कागदावर उतरवली की अर्धे काम होते. मूळ यंत्रनिर्मात्याने गरजेपेक्षा मोठा भाग बसवलेला असतो असेही पुष्कळदा दिसते, आणि मग त्या मोठ्या भागाला समतुल्य शोधण्यात काही अर्थ उरत नाही.

कॉन्टॅक्टरच्या बाबतीत सर्वात जास्त फसगत अँपिअरच्या आकड्यामुळे होते. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेच्या ६०९४७-४-१ या मानकात वापराचे वर्ग ठरवलेले आहेत. एसी-१ म्हणजे हीटरसारखा साधा लोड. एसी-३ म्हणजे स्क्विरल केज मोटर थेट सुरू करणे आणि ती पूर्ण वेगात आल्यानंतर बंद करणे. एसी-४ म्हणजे इंचिंग (मोटर थोडी थोडी हलवणे), प्लगिंग (उलट वीज देऊन ती थांबवणे) किंवा चालती मोटर उलटी फिरवणे, ज्यात सुरुवातीच्या मोठ्या करंटवरच कॉन्टॅक्ट उघडावा लागतो. श्नायडरच्या टेसिस डी मालिकेतला एलसी१डी०९ हा कॉन्टॅक्टर एसी-३ मध्ये ९ अँपिअरचा, म्हणजे ४०० व्होल्टला ४ किलोवॅटच्या मोटरसाठी आहे, पण एसी-१ मध्ये तोच २५ अँपिअरचा ठरतो. स्वस्त कॉन्टॅक्टरच्या दर्शनी भागावर मोठ्या अक्षरात २५ अँपिअर छापलेले असेल आणि एसी-३ चा आकडा बाजूच्या बारीक तक्त्यात असेल, तर तो कोणत्या कॉन्टॅक्टरचा समतुल्य आहे हे त्या बारीक तक्त्यावरूनच ठरवायला हवे. नवीन मोटर आयई३ किंवा आयई४ या जास्त कार्यक्षमतेच्या वर्गाची असेल तर तिचा सुरुवातीचा करंट जुन्या मोटरपेक्षा जास्त असू शकतो. त्यासाठी मानकाच्या २०१८ च्या आवृत्तीत एसी-३ई हा वेगळा वर्ग आलेला आहे. डेटाशीटमध्ये त्याचा उल्लेख आहे का, हेही पाहावे.

दोन नामांकित ब्रँडांमध्येसुद्धा समतुल्यता किती निसरडी असते याचे एक उदाहरण देतो. एलसी१डी०९बीडी आणि सीमेन्सचा ३आरटी२०१६-१बीबी४१ हे दोन्ही एसी-३ मध्ये ९ अँपिअरचे, ४ किलोवॅटचे, २४ व्होल्ट डीसी कॉइलचे आणि ४५ मिलिमीटर रुंदीचे आहेत. कोणताही तुलनातक्ता त्यांना समोरासमोर ठेवील. पहिल्यात मात्र १३-१४ हा एनओ (एरवी उघडा) आणि २१-२२ हा एनसी (एरवी जोडलेला) असे दोन सहायक कॉन्टॅक्ट अंगचेच असतात, तर दुसऱ्यात फक्त एक एनओ असतो. आपल्या सर्किटमध्ये २१-२२ चा उपयोग इंटरलॉकसाठी (दोन कॉन्टॅक्टर एकाच वेळी लागू नयेत म्हणून) केलेला असेल तर वरून जोडायचा सहायक ब्लॉक वेगळा घ्यावा लागेल, आणि मग किमतीची तुलना ब्लॉकसह करावी लागेल. क्रमांकातले प्रत्येक अक्षर काही तरी सांगत असते. सीमेन्सच्या या क्रमांकात शेवटी १ ऐवजी २ आला की एनओऐवजी एनसी येतो, आणि मधल्या भागात १ ऐवजी २ आला की स्क्रूऐवजी स्प्रिंगचे टर्मिनल येतात. मूळ भागाचा क्रमांक असा पूर्ण उलगडल्याशिवाय पर्याय शोधायला बसू नये.

सेन्सरजोडणी

वरच्या प्रतिसादाला एक जोड देतो. कॉइलकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते, आणि पीएलसीच्या (यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅमेबल कंट्रोलरच्या) पॅनेलमध्ये सर्वात महागडे नुकसान तिथूनच होते.

पहिली बाब कॉइलच्या वॅटची. टेसिस डी मालिकेत २४ व्होल्ट डीसीची नेहमीची कॉइल ५.४ वॅटची आहे, म्हणजे ती साधारण ०.२२ अँपिअर घेते. त्याच मालिकेतली बीएल ही कमी वापराची कॉइल २.४ वॅटची, म्हणजे ०.१ अँपिअरची आहे. यंत्रनिर्मात्याने पीएलसीच्या ट्रान्झिस्टर आउटपुटवरून मधला रिले न वापरता थेट कॉन्टॅक्टर चालवायचा म्हणून मुद्दाम बीएल घेतलेला असेल आणि आपण त्या जागी दुप्पट-तिप्पट वॅटचा स्वस्त कॉन्टॅक्टर बसवला, तर तो खटकन ओढला जाईल, चाचणीत सगळे ठीक दिसेल, आणि आउटपुट मात्र रोज मर्यादेबाहेर काम करत राहील.

दुसरी बाब कॉइल बंद होताना येणाऱ्या उलट व्होल्टेजची. त्या क्षणी कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा शेकडो व्होल्टचा झटका देऊ शकते. काही मालिकांच्या डीसी कॉइलमध्ये तो रोखणारा घटक, म्हणजे सप्रेसर, आतच असतो. टेसिस डीच्या डीसी कॉइलमध्ये असाच दोन्ही दिशांनी काम करणारा डायोड आहे. अनेक स्वस्त कॉन्टॅक्टरमध्ये हा घटक नसतो आणि तो वेगळा विकत घ्यावा लागतो.

एका पॅकिंग यंत्रावर हा प्रकार मी जवळून पाहिला आहे. कॉन्टॅक्टर बदलून काही आठवडे गेले होते. पीएलसीमध्ये आउटपुट बंद दाखवत होते, मॉड्यूलवरचा दिवाही विझलेला होता, पण कॉइलच्या ए१ आणि ए२ टर्मिनलांवर मीटर लावला तर २४ व्होल्ट तसेच उभे होते आणि मोटर फिरत होती. आउटपुटचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला होता. नव्या कॉन्टॅक्टरला सप्रेसर नव्हता आणि जुन्यात तो आतच असल्यामुळे वायरिंगच्या नकाशात तो कुठेही दाखवलेला नव्हता. एका कॉन्टॅक्टरमागे वाचलेली रक्कम आणि आउटपुट मॉड्यूलची किंमत यांची तुलना करायलाही नको. मुळात प्रोग्रॅमने बंद केलेली मोटर फिरत राहते ही गोष्टच भयंकर आहे.

देखभालकर्मी (धागाकर्ता)

हे वाचून लगेच एक शंका आली. कॉइलवर साधा डायोड उलटा जोडला तर काम भागेल ना? तो तर अगदी किरकोळ किमतीत मिळतो.

सेन्सरजोडणी

झटका थांबेल, पण कॉन्टॅक्टर सुटायला लागणारा वेळ कित्येक पटींनी वाढेल. साध्या डायोडमधून करंट हळूहळू ओसरतो आणि तोवर चुंबक कॉन्टॅक्ट धरून ठेवतो. व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज शोषणारा घटक) किंवा दुहेरी मर्यादक डायोड वापरला तर हा वेळ फारसा वाढत नाही. पंखा किंवा पंप असेल तर या फरकाने काही बिघडत नाही. मोटर पुढे-मागे फिरवणाऱ्या कॉन्टॅक्टरांच्या जोडीत मात्र पहिला सुटायच्या आत दुसरा लागला तर फेज शॉर्ट होतात. अशा जोडीत यांत्रिक इंटरलॉक, एनसी कॉन्टॅक्टचा विद्युत इंटरलॉक आणि प्रोग्रॅममधला थांबा ही तिन्ही हवीत, आणि नव्या कॉन्टॅक्टरचा सुटण्याचा वेळ डेटाशीटमध्ये पाहून तो थांबा पुन्हा ठरवायला हवा. कापणीची किंवा अचूक थांबण्याची जागा असेल तरीही हाच वेळ मोजावा. डायोडला धन-ऋण बाजू असते हेही ध्यानात ठेवावे, कारण पुढच्या वेळी ए१ आणि ए२ च्या तारा उलट झाल्या तर थेट शॉर्ट होईल.

पॅनेलबांधणी

आता संरक्षणाकडे येतो. इथे माझे मत ठाम आहे, आणि खरेदी विभागाला ते पटवून देण्यासाठी मी नेहमी भांडत आलो आहे.

मोटर फीडरमध्ये (मोटरला वीज देणाऱ्या शाखेत) एमपीसीबी, म्हणजे मोटरच्या संरक्षणाचा सर्किट ब्रेकर, आणि कॉन्टॅक्टर यांची जोडी शॉर्ट सर्किटच्या वेळी एकत्र कशी वागेल, याची चाचणी जोडी म्हणूनच झालेली असते. टाइप १ समन्वयात शॉर्ट सर्किटनंतर कॉन्टॅक्टर किंवा ओव्हरलोड रिले निकामी झाला तरी चालतो. माणसाला आणि पॅनेलला धोका होता कामा नये एवढीच अट असते. टाइप २ मध्ये त्यानंतरही स्टार्टर वापरण्याजोगा राहायला हवा. कॉन्टॅक्ट किंचित चिकटले आणि सहज सुटे करता आले तर तेवढे चालते. उत्पादक या जोड्यांचे तक्ते प्रसिद्ध करतात आणि ते तक्ते त्यांच्याच एमपीसीबी व त्यांच्याच कॉन्टॅक्टरचे असतात. एमपीसीबी एका ब्रँडचा ठेवून कॉन्टॅक्टर दुसऱ्याचा घेतला की दोन्ही भाग स्वतंत्रपणे उत्तम असूनही त्या जोडीची चाचणी कोणीच केलेली नसते. त्यामुळे स्वस्त ब्रँडकडे जायचेच असेल तर एमपीसीबी आणि कॉन्टॅक्टर एकत्र बदलावेत आणि त्या ब्रँडकडून समन्वयाचा तक्ता मागावा. तक्ता नसेल तर तो ब्रँड मोटर फीडरसाठी माझ्या यादीत येत नाही.

ओव्हरलोड रिलेत फक्त करंटची श्रेणी जुळवून भागत नाही, ट्रिप वर्गही पाहावा लागतो. सेटिंगच्या ७.२ पट करंट वाहत असताना थंड स्थितीतला वर्ग १० चा रिले ४ ते १० सेकंदांत, वर्ग २० चा ६ ते २० सेकंदांत आणि वर्ग ३० चा ९ ते ३० सेकंदांत ट्रिप व्हायला हवा. वर्ग १०ए मध्ये हीच मर्यादा २ ते १० सेकंद आहे. जड पंख्यासारख्या सावकाश वेग घेणाऱ्या यंत्रावर वर्ग २० चा रिले होता आणि त्या जागी स्वस्तातला १०ए आला, तर मोटर सुरू होता होताच ट्रिप होईल. मग कोणीतरी वैतागून सेटिंग वाढवून ठेवील, आणि तिथून पुढे त्या मोटरला संरक्षणच उरणार नाही. एक फेज गेल्यावर लवकर ट्रिप होण्याची सोय आहे का हेही विचारावे. शिवाय ओव्हरलोड रिले थेट कॉन्टॅक्टरच्या खाली बसतो, आणि त्याच्या पिना त्या-त्या ब्रँडच्या कॉन्टॅक्टरपुरत्याच घडवलेल्या असतात. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या नकलेत तो बसलाच, तरी टर्मिनलवर पकड नीट मिळाली आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही आणि सैल जोड तापत राहतो.

एमसीबीबद्दल (छोट्या सर्किट ब्रेकरबद्दल) थोडक्यात लिहितो. वक्र बी म्हणजे रेटेड करंटच्या ३ ते ५ पट, सी म्हणजे ५ ते १० पट आणि डी म्हणजे १० ते २० पट करंटला तत्काळ ट्रिप. हे तर जुळलेच पाहिजे. त्याबरोबर ६०८९८-१ हे घरगुती व तत्सम वापराचे मानक आणि ६०९४७-२ हे औद्योगिक मानक यांतला फरक पाहावा. एकाच एमसीबीवर पहिल्यानुसार ६००० अँपिअर आणि दुसऱ्यानुसार १० किलोअँपिअर असे शॉर्ट सर्किटचा करंट तोडण्याच्या क्षमतेचे दोन आकडे असू शकतात, त्यामुळे एका भागाचा पहिला आकडा दुसऱ्याच्या दुसऱ्या आकड्याशी ताडून पाहू नये. यंत्र उत्तर अमेरिकेत जाणार असेल तर नियमच वेगळे आहेत. तिथे यूएल या अमेरिकी संस्थेच्या १०७७ मानकाचा पूरक संरक्षक शाखा सर्किटच्या संरक्षणासाठी चालत नाही, त्यासाठी यूएल ४८९ चा ब्रेकर लागतो, आणि दिसायला दोन्ही जवळजवळ सारखेच असतात.

सुरक्षापरीक्षक

इमर्जन्सी स्टॉप, गार्डचे स्विच, सेफ्टी रिले (सुरक्षा सर्किटवर नजर ठेवून वीज तोडणारे) आणि त्यांनी तोडले जाणारे कॉन्टॅक्टर यांच्याबद्दल स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक वाटते. या भागांना किमतीच्या यादीतून बाहेरच ठेवावे असे मी आग्रहाने सांगेन.

सुरक्षा सर्किटची पातळी आयएसओ १३८४९-१ किंवा आयईसी ६२०६१ नुसार मोजलेली असते आणि त्या गणितात प्रत्येक भागाचे आकडे धरलेले असतात. कॉन्टॅक्टरसाठी उत्पादकाने दिलेला बी१०डी हा आकडा, म्हणजे दहा टक्के नग धोकादायक रीतीने बिघडेपर्यंत होणाऱ्या क्रियांची संख्या, त्यात येतो. भाग बदलला की गणित पुन्हा करावे लागते, आणि स्वस्त भागाचा उत्पादक हा आकडा देत नसेल तर गणित तिथेच थांबते.

रचनेतला फरक तर त्याहूनही महत्त्वाचा आहे. सुरक्षा सर्किटमध्ये कॉन्टॅक्टर सुटला की नाही हे त्याच्या एनसी सहायक कॉन्टॅक्टवरून तपासले जाते. मुख्य कॉन्टॅक्ट चिकटलेला असताना तो एनसी कधीही जोडलेल्या स्थितीत येऊ नये अशी बांधणी असेल, तरच त्या तपासणीला अर्थ आहे. याला मिरर कॉन्टॅक्ट म्हणतात आणि ६०९४७-४-१ मध्ये त्याची अट दिलेली आहे. रिलेसाठी हेच काम परस्परांशी यांत्रिकरीत्या बांधलेले कॉन्टॅक्ट करतात. त्यांचे मानक आयईसी ६१८१०-३ आहे. साधा प्लग-इन रिले बाहेरून सारखाच दिसतो, पण त्यात एक पोल चिकटला तरी दुसरा स्वतंत्रपणे हलू शकतो, आणि त्यामुळे सेफ्टी रिलेला सर्व काही ठीक असल्याचा खोटा संकेत मिळतो. इमर्जन्सी स्टॉपच्या बटणात कॉन्टॅक्ट स्प्रिंगच्या भरवशावर न उघडता बटणाच्या दाबानेच जबरदस्तीने उघडला पाहिजे. वर्तुळातला बाण हे त्याचे चिन्ह कॉन्टॅक्ट ब्लॉकवर छापलेले असते. ते चिन्ह नसलेले लाल छत्रीचे बटण केवळ लाल रंगाचे आहे म्हणून इमर्जन्सी स्टॉप होत नाही.

पर्यायी ब्रँडकडे हे सगळे प्रमाणपत्रांसह असेल तर तो घ्यायला माझी हरकत नाही. मात्र मग सर्किटचे गणित नव्याने करून, प्रत्यक्ष कॉन्टॅक्ट चिकटल्याची स्थिती निर्माण करून चाचणी घेऊन आणि ते सगळे नोंदवूनच तो बसवावा. एवढ्या कामाचा खर्च धरला तर बहुतेक वेळा मूळ भागच स्वस्त पडतो.

सेन्सरजोडणी

आता जिथे खरोखर चांगली बचत होते त्या प्रॉक्सिमिटी सेन्सरबद्दल लिहितो. इंडक्टिव्ह सेन्सरचे आकार, जोडणी आणि चाचण्या आयईसी ६०९४७-५-२ मध्ये इतक्या नीट ठरलेल्या आहेत की त्यात ब्रँड बदलणे तुलनेने सोपे आहे. एम१२ च्या चार पिनी कनेक्टरमध्ये १ क्रमांकाची पिन धन, ३ क्रमांकाची ऋण आणि ४ क्रमांकाची आउटपुट असते. तारांचे रंग अनुक्रमे तपकिरी, निळा आणि काळा असतात. पीएनपी (आउटपुटला धन बाजू देणारा) की एनपीएन (ऋण बाजू देणारा) आणि एनओ की एनसी हे जुळवले की वायरिंगला हात लावावा लागत नाही.

त्यापुढे अंतराचा प्रश्न येतो. एम१२ चा धातूत पूर्ण बसणारा साधा सेन्सर २ मिलिमीटरचा असतो आणि वाढीव अंतराचा ४ मिलिमीटरचा असतो. छापलेले अंतर पोलादी लक्ष्यासाठी असते. स्टेनलेस स्टीलला ते साधारण ०.७ पट, पितळेला ०.४ ते ०.५ पट आणि अ‍ॅल्युमिनियमला ०.३ ते ०.४ पट उरते. शिवाय तापमान आणि उत्पादनातले फरक धरून खात्रीचे अंतर छापील अंतराच्या ८१ टक्केच मानायचे असते. मूळ सेन्सर सर्व धातूंना सारखे अंतर देणाऱ्या खास प्रकारचा असेल आणि समोरचा भाग अ‍ॅल्युमिनियमचा असेल, तर त्याच आकाराचा साधा सेन्सर तिथे काही पाहूच शकणार नाही. त्यामुळे क्रमांक बघण्याआधी यंत्रापाशी जाऊन समोरचा धातू कोणता आहे आणि फट किती आहे ते पाहून यावे.

आउटपुटला शॉर्ट सर्किटपासून संरक्षण आहे का, स्विचिंग फ्रीक्वेन्सी पुरेशी आहे का, आणि जिथे कूलंट किंवा धुण्याचे पाणी उडते तिथे केबलचे आवरण त्याला टिकणारे आहे का, एवढे बघितले की पुरे. कूलंटच्या जागी स्वस्त पीव्हीसी केबल कडक होऊन तडकते आणि सेन्सर बिचारा चांगला असूनही टाकून द्यावा लागतो, म्हणून तिथे कनेक्टरचा सेन्सर आणि पीयूआर (पॉलियुरेथेन) आवरणाची केबल असा मेळ मी सुचवेन.

पॅनेलबांधणी

पुश बटणे, दिवे, डीआयएन रेल, डक्ट यांबद्दल फार काळजी करू नका. २२ मिलिमीटरचे भोक आणि ३५ मिलिमीटरची रेल सगळीकडे सारखीच आहे. टर्मिनलांमध्ये मात्र एका ब्रँडचे जंपर दुसऱ्यात बसत नाहीत, तेव्हा एका पट्टीत एकच ब्रँड ठेवावा.

प्लग-इन रिलेमध्येही बचत होते. १४ पिनांच्या बेसमध्ये अनेक ब्रँडांचे चार पोलचे रिले बसतात. त्यात दोन गोष्टी पाहाव्यात. डायोड असलेल्या रिलेत कॉइलची धन बाजू कोणत्या पिनेवर आहे हे ब्रँडनुसार बदलू शकते. आणि रिलेचा कॉन्टॅक्ट पीएलसीच्या इनपुटसारख्या काही मिलिअँपिअरच्या सिग्नलसाठी वापरला असेल तर किमान लोडचा आकडा पाहावा, कारण मोठ्या करंटसाठी घडवलेला चांदीच्या मिश्रधातूचा कॉन्टॅक्ट इतक्या लहान सिग्नलला कधी कधी जोडच देत नाही. तिथे सोन्याचा मुलामा असलेला रिले लागतो.

पॉवर सप्लायमध्ये छापील अँपिअर कोणत्या तापमानाला दिलेले आहेत हे विचारा. काही सप्लाय ६० अंशांपर्यंत पूर्ण लोड देतात आणि काहींचा आकडा ४० किंवा ५० अंशांनंतर उतरू लागतो. बंद पॅनेलच्या वरच्या भागात एवढे तापमान सहज होते. आतल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते, म्हणून स्वस्त सप्लाय घ्यायचा असल्यास तो एक पायरी मोठा घ्यावा आणि वर-खाली मोकळी जागा ठेवून बसवावा.

भांडारपाल

मी सुट्या भागांचे भांडार सांभाळतो, तेव्हा खरेदीच्या बाजूने थोडे लिहितो.

पहिला पर्याय त्याच ब्रँडच्या साध्या मालिकेचा शोधावा. श्नायडरची इझी टेसिस किंवा एबीबीची एएक्स यांसारख्या मालिका कमी सोयींच्या आणि कमी किमतीच्या असतात, आणि त्यांची कागदपत्रे मिळण्याची चणचण नसते. दुसरी बचत प्रकार कमी करण्यात आहे. एबीबीच्या एएफ मालिकेत एकच कॉइल १०० ते २५० व्होल्ट एसी किंवा डीसीवर चालते, त्यामुळे वेगवेगळ्या व्होल्टेजसाठी कपाटात वेगवेगळे नग पाडून ठेवावे लागत नाहीत. नगाची किंमत जास्त असूनही भांडारात अडकलेली एकूण रक्कम त्यामुळे कमी होऊ शकते.

जुन्या पॅनेलमधला भाग मिळत नाही म्हणून तो दुर्मिळ आणि महाग झाला आहे असे वाटते, तेव्हा आधी ब्रँडचे पुढे काय झाले ते पाहावे. टेलेमेकानिक १९८८ मध्ये श्नायडरकडे आली, मोलर २००८ मध्ये ईटनकडे गेली आणि जीईचा औद्योगिक विद्युत विभाग २०१८ मध्ये एबीबीकडे गेला. त्यामुळे मोलरचा डीआयएल कॉन्टॅक्टर शोधणाऱ्याला ईटनच्या डीआयएलएम मालिकेत सरळ वारसदार सापडतो, आणि जुन्या एलसी१डी०९१० च्या जागी आजचा एलसी१डी०९ चालतो, उलट त्यात एक एनसी कॉन्टॅक्ट जास्तच मिळतो. जुन्या साठ्यातला नग चढ्या किमतीला घेण्याची गरजच पडत नाही.

नामांकित ब्रँडचा भाग अविश्वसनीय सवलतीत देणाऱ्या अनोळखी विक्रेत्यापासून मात्र दूर राहावे. प्रामाणिकपणे स्वतःच्या नावाने विकला जाणारा स्वस्त भाग बनावट ब्रँडेड भागापेक्षा कितीतरी बरा, कारण त्याच्या मागे निदान एक खरा डेटाशीट आणि जबाबदार उत्पादक असतो. सीई हे चिन्ह अशा भागांवर बहुतांशी उत्पादक स्वतःच्या घोषणेवर लावतो, त्यामुळे केवळ ते पाहून समाधान मानू नये. यूएल किंवा टीयूव्ही या प्रमाणन संस्थांचा क्रमांक दिलेला असेल तर तो त्या संस्थेच्या ऑनलाइन नोंदीत शोधून पाहावा, आणि प्रमाणपत्रावरचा मॉडेल क्रमांक आपल्याला देऊ केलेल्या भागाचाच आहे ना, हे अक्षर न अक्षर ताडून पाहावे. त्याच मालिकेतल्या दुसऱ्याच मॉडेलचे प्रमाणपत्र पुढे केले जाण्याचे प्रसंग येतात.

देखभालकर्मी (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. एवढ्या तपशिलाने उत्तरे मिळतील अशी अपेक्षा नव्हती.

या चर्चेवरून मी असे ठरवले आहे. बटणे, दिवे, टर्मिनल, प्लग-इन रिले आणि पोलादी लक्ष्यासमोरचे प्रॉक्सिमिटी सेन्सर यांपासून पर्याय सुरू करीन. सेन्सरच्या प्रत्येक जागी आधी समोरचा धातू आणि फट नोंदवून घेईन. पंप आणि पंखे यांच्या फीडरमध्ये एमपीसीबी, कॉन्टॅक्टर आणि ओव्हरलोड रिले एकाच ब्रँडचे घेऊन समन्वयाच्या तक्त्याशिवाय मागणी नोंदवणार नाही. पीएलसीवरून थेट चालणाऱ्या प्रत्येक कॉन्टॅक्टरची वॅट आणि सप्रेसर यांची स्वतंत्र यादी करतो आहे. सुरक्षा सर्किट आणि पुढे-मागे फिरणाऱ्या मोटरचे कॉन्टॅक्टर जसेच्या तसे ठेवीन.

एक शेवटची शंका आहे. पर्यायी कॉन्टॅक्टर निवडला तरी तो सगळीकडे एकदम बसवावा का?

पॅनेलबांधणी

एकदम बसवू नका. जास्तीत जास्त वेळा चालू-बंद होणारी, पण बंद पडली तरी उत्पादन न अडवणारी एक जागा निवडा आणि तिथे तो आधी चालवून पाहा. बसवताना स्क्रू उत्पादकाने दिलेल्या टॉर्कने आवळा आणि पूर्ण लोडवर तापल्यानंतर टर्मिनलांचे तापमान शेजारच्या जुन्या कॉन्टॅक्टरच्या टर्मिनलांशी ताडून पाहा. दोघांवर सारखाच करंट असताना एखादा फेज वेगळा तापत असेल तर तो जोड किंवा कॉन्टॅक्ट दोषी आहे. काही काळाने वीज बंद करून, झाकण निघत असेल तर ते काढून कॉन्टॅक्टची झीज पाहा. काळसर रंग आणि बारीक खड्डे नेहमीचे असतात, त्यांना कानस लावू नका. धातूचा थर एका बाजूने ओघळलेला दिसला किंवा तीन पोलांची झीज ठळकपणे वेगवेगळी असेल तर तो ब्रँड पुढे घेऊ नका.

सुरक्षापरीक्षक

आणि जिथे पर्याय बसेल तिथे वायरिंगचा नकाशा आणि भागांची यादी त्याच दिवशी बदला. नव्याने जोडलेला सप्रेसर आणि सहायक ब्लॉक नकाशात दाखवा, ओव्हरलोडचा ट्रिप वर्ग यादीत लिहा, आणि पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला बदललेल्या भागाचा पूर्ण क्रमांक चिकटवा. रात्रपाळीत तो भाग बदलणाऱ्याच्या हाती जुना नकाशा असेल, तर तो सप्रेसर नसलेला नग पुन्हा त्याच आउटपुटवर लावील.